घेणारा तोच वाटणारा!

पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत देवाणघेवाणीची एक जुनी आणि सोज्वळ परंपरा आहे. दिवाळी अंक एका घराने विकत घ्यायचा आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो वाड्यातल्या सहा बिऱ्हाडांतून फिरायचा. कोरी कॅसेट आणि आवडत्या गाण्यांची यादी दुकानदाराच्या हाती द्यायची आणि दोन दिवसांनी ‘कॅसेट भरून’ आणायची. एखाद्या घरगुती मैफलीत कुणा रसिकाने टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन गाणे टिपायचे आणि पुढे महिनाभरात ते दहा घरांत ऐकले जायचे. या सगळ्याला कोणी चोरी म्हटले नाही. उलट ज्याच्याकडे अशा कॅसेटींचे कपाट भरलेले, त्याला रसिक म्हणून मानच मिळाला.

कायद्याच्या नजरेने पाहिले तर या तिन्ही गोष्टी सारख्या नव्हत्या. विकत घेतलेला अंक शेजाऱ्याला वाचायला देण्यात गैर काहीच नाही. अंक एकच राहतो, तो फक्त हात बदलतो. दुकानदाराने पैसे घेऊन कॅसेट भरून देणे मात्र तेव्हाही कायद्याला मान्य नव्हते. मैफलीचे म्हणाल, तर कलावंताच्या गायना-वादनावरील हक्काला आपल्या कायद्याने १९९४ मध्ये मान्यता दिली. स्वतःपुरते ऐकण्यासाठी किंवा शिकण्या-शिकवण्यासाठी केलेले ध्वनिमुद्रण त्या कायद्याने सवलतीत बसवले आहे. त्याच्या प्रती काढून वाटल्या, की ती सवलत उरत नाही. म्हणजे स्वतःसाठी घेणे आणि दुसऱ्यांना वाटणे यांत कायद्याने पूर्वीपासून फरक केला आहे.

हे सगळे आज आठवण्याचे कारण म्हणजे टॉरेंट. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा रात्री संगणक चालू ठेवून झोपतो आणि सकाळी नवा चित्रपट ‘उतरलेला’ असतो, हे दृश्य आता अनेक कुटुंबांच्या परिचयाचे आहे. ओळखीचे पालक मला याबाबत नेहमी दोन प्रश्न विचारतात. हे बेकायदा आहे का? आणि यात काही धोका आहे का? पहिला प्रश्न वकिलाचा आणि दुसरा संगणकतज्ज्ञाचा, असे आपण समजतो. मला मात्र दोन्हींची उत्तरे एकाच जागी सापडतात. या व्यवस्थेत घेणारा माणूस त्याच क्षणी वाटणाराही होतो आणि बहुतेक वेळा त्याला त्याचा पत्ताही नसतो.

तुकड्या-तुकड्यांचा कारभार

इंटरनेटवरून एखादी फाईल घेण्याची नेहमीची रीत दुकानासारखी आहे. माल एका मोठ्या संगणकावर असतो आणि गिऱ्हाईक तेथून तो घेऊन जाते. १९९९ मध्ये अमेरिकेत शॉन फॅनिंग या कॉलेजवयीन मुलाने ‘नॅपस्टर’ सुरू केले आणि ही रीत उलटली. गाणी लोकांच्याच संगणकांवर राहत, नॅपस्टर फक्त कोणाकडे कोणते गाणे आहे याची यादी ठेवी. संगीत कंपन्यांनी खटले भरले आणि २००१ मध्ये ही सेवा बंद पडली. न्यायालयाला ती बंद पाडता आली, कारण निदान यादी तरी एका जागी होती.

त्याच वर्षी ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने ‘बिटटॉरेंट’ आणले. त्याची युक्ती समजून घ्यायला परीक्षेच्या आदल्या रात्रीचे वसतिगृह डोळ्यांसमोर आणावे. एकाकडे तीनशे पानांच्या नोट्स आहेत आणि मागणारे पन्नास. त्याने प्रत्येकाला वेगवेगळी सहा पाने दिली आणि सांगितले, की आता तुम्ही आपापसांत बदलून घ्या. तासाभरात पन्नास जणांकडे पूर्ण नोट्स तयार! मूळ मालक झोपायला गेला तरी काम थांबत नाही. टॉरेंटमध्ये फाईलचे असेच लहान लहान तुकडे होतात. तुमच्या संगणकावर पहिला तुकडा पोहोचला, की तो लगेच दुसऱ्या कोणाला तरी दिला जाऊ लागतो. फाईल पूर्ण झाल्यावरही प्रोग्राम बंद केला नाही, तर वाटप चालूच राहते. त्याला ‘सीडिंग’, म्हणजे बी पेरणे, असे नाव आहे.

तंत्र म्हणून ही कल्पना बिनतोड आहे. दुकानात गर्दी वाढली की रांग वाढते. येथे गर्दी वाढली की वेग वाढतो. पण या वसतिगृहात आणखी एक गोष्ट घडते. पाने बदलून घ्यायची तर कोण कोठल्या खोलीत आहे हे सर्वांना कळावे लागते. म्हणून त्या फाईलच्या घोळक्यात शिरलेल्या प्रत्येक संगणकाचा आयपी पत्ता बाकीच्यांना दिसतो. त्या घोळक्यात चित्रपट कंपनीने नेमलेला निरीक्षकही असू शकतो. त्याला काही फोडावे लागत नाही. उभे राहून पत्ते टिपून घेतले की झाले.

कायदा कोठे बोट ठेवतो?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आणि त्यातील शेवटची मोठी सुधारणा २०१२ ची. चित्रपटाची प्रत काढणे, ती विकणे वा भाड्याने देणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचवणे हे हक्क कायद्याने मालकाकडे ठेवले आहेत. ‘लोकांपर्यंत पोहोचवणे’ याची व्याख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोकांना पाहता-ऐकता येईल असे उपलब्ध करून दिले, की ते पोहोचवणे झाले. प्रत्यक्षात कोणी पाहिले की नाही, हा मुद्दा गौण ठरतो. रात्रभर सीडिंग करणारा संगणक नेमके हेच उपलब्ध करून देण्याचे काम करीत असतो.

जाणूनबुजून हा हक्क मोडणाऱ्याला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी वा धंद्याचा भाग म्हणून केले नसेल, तर न्यायालयाला कारणे नोंदवून शिक्षा कमी करता येते. मात्र ‘मी कुठे पैसे घेतले?’ एवढ्यावर सुटका होत नाही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मधील निर्णयात स्पष्ट केले. दखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात आणि अजामीनपात्र म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, तो न्यायालयाच्या विवेकावर राहतो.

महाराष्ट्राने तर आणखी एक पाऊल टाकले आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि धोकादायक व्यक्ती यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ मध्ये केलेल्या कायद्यात २००९ साली ‘व्हिडिओ पायरेट’ हा प्रकारही घातला गेला. हातभट्टीच्या शेजारी चोरट्या चित्रपटाला बसवणारा हा कायदा अर्थातच धंदेवाल्यांसाठी आहे, कॉलेजकुमारांसाठी नव्हे. पण शासन या गोष्टीकडे कोणत्या नजरेने पाहते, हे त्यावरून कळते. २०१७ मध्ये राज्याच्या सायबर विभागात बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पथकही स्थापन झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या गाजलेल्या इंग्रजी मालिकेचा एक भाग प्रसारणापूर्वीच फुटल्याच्या प्रकरणात महाराष्ट्र पोलिसांनी चौघांना अटक केली होती.

पाहणे वेगळे, वाटणे वेगळे

येथे सुज्ञ वाचक विचारील, की मग नुसता चित्रपट पाहणाराही गुन्हेगार का? या प्रश्नाचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयात २०१६ मध्ये मिळाले आणि ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे.

त्या वर्षी ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांनी चोरट्या प्रती रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाच्या आदेशाने अनेक दुवे बंद झाले. त्या पानांवर गेलेल्या लोकांना एक इशारा दिसू लागला. असा चित्रपट पाहणे, उतरवून घेणे, दाखवणे किंवा त्याच्या प्रती काढणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे, असा त्याचा आशय होता. देशभर घबराट पसरली. नुसते पान उघडले तरी तीन वर्षे तुरुंग, अशा बातम्या झळकल्या. तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी हा मजकूर दुरुस्त करायला लावला. चोरटी प्रत नुसती पाहणे हा कायद्याने गुन्हा ठरवलेला नाही. मालकाचे नुकसान होईल असे वितरण, जाहीर प्रदर्शन, विनापरवाना विक्री किंवा भाड्याने देणे हा गुन्हा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

अनेकांनी एवढेच वाचले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या मते त्यांनी निम्मेच वाचले. न्यायमूर्तींनी गुन्हा ठरवलेल्या गोष्टींत ‘वितरण’ हा शब्द आहे आणि टॉरेंटचा प्रोग्राम तेच तर करीत असतो! एखाद्या संकेतस्थळावर चित्रपट नुसता पाहणारा आणि टॉरेंटवरून तोच चित्रपट घेणारा हे शेजारी-शेजारी बसलेले दिसले, तरी कायद्यापुढे त्यांची स्थिती एक नाही. पहिला प्रेक्षक आहे. दुसरा प्रेक्षकही आहे आणि वितरकही.

खासगी वापराच्या सवलतीचा आधारही बरेच जण घेतात. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, अभ्यासासाठी केलेला ‘उचित वापर’ कलम ५२ मध्ये वगळलेला आहे, हे खरे. पण शब्द ‘उचित’ असा आहे. चोरट्या प्रतीवरून अख्खा चित्रपट उतरवणे त्यात बसते, असे गृहीत धरू नये. आणि तीच प्रत अनोळखी शेकडो लोकांना वाटली जात असेल, तर ‘खासगी’ या शब्दाला अर्थच राहत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्धचा परदेशी प्रकाशकांचा दावा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला, याचाही दाखला विद्यार्थी देतात. तो निकाल अध्यापनाचा भाग म्हणून पुस्तकांतील निवडक मजकुराच्या प्रती काढण्याविषयी आहे. वैद्यकीच्या आठशे पानी ग्रंथाची पीडीएफ जगाला वाटण्याचा तो परवाना नव्हे.

संगणक प्रणालीच्या बाबतीत तर कायदा आणखी कडक आहे. घरी जोडून आणलेल्या संगणकात दुकानदाराने ‘टाकून दिलेली’ विंडोज आणि टॉरेंटवरून आणलेला फोटोशॉप पुण्यातल्या कितीतरी घरांत आणि लहान कचेऱ्यांत सापडेल. चोरटी प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणे, एवढाच कलम ६३-ब खाली गुन्हा आहे. तेथे वाटप सिद्ध करण्याचीही गरज नाही. किमान शिक्षा सात दिवसांची. धंद्यासाठी वापर नसेल तर कैदेऐवजी पन्नास हजारांपर्यंत दंडावर निभावू शकते. खेरीज २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहात चोरून चित्रण करणे आणि अशी प्रत प्रसारित करणे यांना किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे. दंडाची कमाल मर्यादा चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाते.

कनेक्शन कोणाच्या नावावर?

भारतातील आजवरच्या गाजलेल्या कारवायांचा रोख चित्रपट फोडणारे आणि संकेतस्थळे चालवणारे यांच्यावर राहिला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये अशा काही संकेतस्थळांविरुद्ध आदेश देताना, नाव बदलून पुन्हा उगवणाऱ्या त्यांच्या भावंडांनाही बंद करण्याची सोय करून ठेवली. घरोघरी जाऊन मुलांना पकडण्याची मोहीम झालेली नाही. त्यामुळे ‘इथे कोण विचारतो?’ ही आपली वृत्ती बनली आहे.

हीच सवय घेऊन मुले परदेशी जातात, तेव्हा खरी अडचण होते. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मुलांची संख्या पुण्यात मोठी आहे. तेथे गेल्यावर आधीची मुले नव्या मुलांना बजावतात, की टॉरेंटला हात लावू नकोस. याचे कारण तेथील वकिलांची पत्रे. घोळक्यात शिरून पत्ते टिपणारे निरीक्षक, त्यावरून न्यायालयामार्फत मिळवलेले ग्राहकाचे नाव आणि मग शेकड्यांनी युरो मागणारी नोटीस, अशी ती यंत्रणाच आहे. पत्र चित्रपट पाहणाऱ्याच्या नावाने येत नाही. ज्याच्या नावावर इंटरनेट आहे त्याच्या नावाने, म्हणजे पुष्कळदा घरमालकाच्या किंवा खोलीतल्या सोबत्याच्या नावाने येते. एका चित्रपटापायी महिन्याचे जेवणखाण गमावण्याची वेळ एका विद्यार्थ्यावर येणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही.

अमेरिकेतील उदाहरण आणखी बोलके आहे. मिनेसोटा राज्यातील एका महिलेवर ‘कझा’ या प्रोग्राममधून २४ गाणी वाटल्याबद्दल खटला झाला. २००७ मध्ये ज्यूरीने तिला दोन लाख २२ हजार डॉलर भरायला सांगितले. फेरसुनावणीत २००९ साली हा आकडा १९ लाख २० हजारांवर गेला आणि अपिलानंतर २०१२ मध्ये पुन्हा दोन लाख २२ हजारांवर आला. बाजारात ती २४ गाणी २४ डॉलरला मिळाली असती. दंड गाणी ऐकण्याचा नव्हता, वाटण्याचा होता.

आपल्याकडेही एक गोष्ट तपासून पाहावी. घरातील ब्रॉडबँड कोणाच्या नावावर आहे? अनेक घरांत ते निवृत्त आजोबांच्या नावावर असते, कारण जुना टेलिफोन त्यांच्या नावावर होता. उद्या कोणत्याही कारणाने पोलिसांनी आयपी पत्त्यावरून चौकशी केली, तर पहिला दरवाजा त्यांच्या नावाने ठोठावला जाईल. नातवाच्या हौसेची उत्तरे ज्या आजोबांना द्यावी लागतील, त्यांना ‘सीडिंग’ हा शब्दही ठाऊक नसेल.

उघडे दार

आता दुसरा प्रश्न, धोक्याचा. घरातून वस्तू वाटायच्या तर दार उघडे ठेवावे लागते. फाईल वाटणाऱ्या प्रोग्रामचेही तसेच आहे. कोणता कप्पा जगासाठी खुला, हे ठरवताना एक खूण चुकली, की अख्खे कपाटच उघडे पडते.

याची उदाहरणे थोरामोठ्यांच्या घरातील आहेत. अमेरिकेत गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या एका कंपनीतील कर्मचाऱ्याने कचेरीच्या संगणकावर ‘लाइमवायर’ हा प्रोग्राम वापरला. त्यातून सुमारे दोन हजार ग्राहकांची खासगी माहिती बाहेर गेली. त्या ग्राहकांत तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयरही होते. २००८ मध्ये हे उघडकीस आले. दोनच वर्षांनी, २०१० साली, तेथील व्यापार आयोगाने जवळपास शंभर संस्थांना कळवले, की तुमच्याकडील लोकांची माहिती फाईल वाटणाऱ्या जाळ्यांवर उघडी पडली आहे. जपानमध्ये ‘विनी’ नावाच्या प्रोग्रामने तर पोलिसांचे तपासाचे कागद आणि लष्करी माहितीही बाहेर काढली. विषाणू त्या प्रोग्राममध्ये शिरत आणि संगणकावरील खासगी फाईली वाटपाच्या कप्प्यात नेऊन ठेवत. शेवटी २००६ मध्ये सरकारच्या प्रवक्त्यालाच जनतेला ‘विनी वापरू नका’ असे सांगावे लागले. गंमत अशी की विनीचा निर्माता इसामू कानेको याला २००४ मध्ये अटक होऊन पुढे दंडही झाला, पण अपिलात तो निर्दोष सुटला. त्याची निर्दोषता २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. हत्यार बनवणारा आणि ते चुकीचे चालवणारा यांत फरक करायला तेथील न्यायालयांना सात वर्षे लागली.

दुसरा धोका आत येणाऱ्या मालाचा. टॉरेंटमध्ये प्रत्येक तुकड्याचा जणू अंगठ्याचा ठसा घेतलेला असतो आणि तो जुळला तरच तुकडा स्वीकारला जातो. त्यामुळे वाटेत भेसळ होत नाही, हे खरे. पण ठसा एवढेच सांगतो, की पहिल्याने जे पाठवले तेच तुम्हाला मिळाले. पहिल्याने काय पाठवले, याची हमी तो देत नाही. पाकिटावर चित्रपटाचे नाव असेल आणि आत दुसरेच काही. तेही मुलांच्या हातात. सर्वांत घातक माल म्हणजे ‘क्रॅक’, म्हणजे महागड्या प्रणालीचे कुलूप तोडणारी छोटी फाईल. ती चालवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते आणि आपण ती इमानेइतबारे पाळतो! पहारेकऱ्याला घरी पाठवून अनोळखी माणसाला किल्ल्या देण्यासारखाच हा प्रकार. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखला जाणारा खंडणीखोर विषाणू मुख्यतः अशा क्रॅकमधूनच जगभर पसरला. तो संगणकावरील सगळ्या फाईली कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. लग्नाचे फोटो, मुलीचा प्रबंध, दुकानाचे हिशेब, सगळे एका रात्रीत गेलेले असते. ज्याने चार पैसे वाचवण्यासाठी क्रॅक वापरला, त्याला तक्रार घेऊन पोलिसांकडे जायलाही संकोच वाटतो.

‘व्हीपीएन लावले की झाले’ असे तरुण मंडळी सांगतात. व्हीपीएन पत्ता झाकते. कृत्य कायदेशीर करीत नाही आणि फाईलमधील विषही काढत नाही.

फुकट आणि मोकळे

एवढे वाचून कोणी टॉरेंट या तंत्रालाच वाळीत टाकील, तर ते चुकीचे होईल. लिनक्सची उबुंटू ही प्रणाली तिचे निर्माते स्वतःच टॉरेंटने वाटतात. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ हे जगातले मोठे ग्रंथालय २०१२ पासून आपला संग्रह या मार्गानेही देते. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने संगणकांनी एकमेकांना सुधारणा पुरवण्याची सोय केली. रस्ता सरकारी असतो, ट्रकमध्ये काय भरले आहे ते पाहावे लागते.

आणि मोकळेपणाने वाटण्यासारखे आपल्याकडे पुष्कळ आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचे होते. चित्रपट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, तेव्हा ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांची झाली. आचार्य अत्र्यांचा त्याच नावाचा चित्रपट १९५३ चा. त्याचीही मुदत संपली. पुण्याच्या ‘प्रभात’चा १९३६ चा ‘संत तुकाराम’ कधीच मोकळा झाला आहे. नवी प्रस्तावना, नवी चित्रे किंवा नवे भाषांतर असेल तर त्यांचा हक्क वेगळा, एवढे भान ठेवावे. उलट पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०६० च्या अखेरीपर्यंत आहे. सकाळी सकाळी मोबाईलवर ‘पुलंची सगळी पुस्तके, पुढे पाठवा’ असा जो गठ्ठा येतो, तो पुढे पाठवणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा. तेथे टॉरेंट नसते, पण वाटणारा हात आपलाच असतो.

यावर एक रास्त तक्रार मी नेहमी ऐकतो. विकत घ्यायची तयारी आहे, पण पुस्तक मिळतच नाही. जुना मराठी चित्रपट कोठेच उपलब्ध नाही. मग काय करावे? या तक्रारीत तथ्य आहे आणि पुणेकरांनी तर ती हसण्यावारी नेऊ नये. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, तोपर्यंत आपले कितीतरी मूकपट कायमचे नष्ट झाले होते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच आज शिल्लक आहे. प्रती नसल्या की कलाकृती मरते. कायद्यालाही हे कळते. भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला काढता येतात. स्वतःकडील पुस्तकाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवता येते. ही सवलत आपली ग्रंथालये किती वापरतात? प्रकाशकांनी आणि निर्मात्यांनी जुना माल रास्त किमतीत उपलब्ध केला, तर निम्मे चोरटे वाटप आपोआप थांबेल, असे माझे मत आहे. पण ‘मिळत नाही’ ही सबब परवाच्या शुक्रवारी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाला लागू पडत नाही.

तेथे दुसरी सबब पुढे येते: ‘सैराट’ला काय फरक पडला? नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला, त्याच्या चोरट्या प्रती लगोलग मोबाईलमधून फिरल्या आणि तरीही त्याने विक्रमी कमाई केली. खरे आहे. पण वादळात वटवृक्ष टिकला म्हणून रोपांचे काय झाले, हे पाहायचे सोडून कसे चालेल? मराठीचा बाजार लहान. कवितासंग्रहाची पाचशे-हजार प्रतींची आवृत्ती खपायला वर्षे लागतात. दोन आठवडे चित्रपटगृह मिळाले तर नशीब मानणारे निर्माते येथे आहेत. अशा पुस्तकाची वा चित्रपटाची प्रत दोनशे लोकांच्या गटावर फिरली, तर त्याच्या लेखकाचा किंवा निर्मात्याचा जवळजवळ सगळा ग्राहकच संपतो. इंग्रजी चित्रपटाच्या कंपनीला आपली चोरी जाणवतही नसेल. मराठी माणसाला ती लगेच जाणवते.

म्हणून घरात आरडाओरडा न करता मुलांबरोबर बसावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. संगणकावर वाटपाचा कोणता प्रोग्राम आहे आणि त्यातून काय बाहेर जात आहे. वापरातली प्रणाली चोरटी असेल तर तिच्या जागी लिब्रेऑफिससारखी मोफत आणि अधिकृत प्रणाली घालता येईल का. आणि महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत संगणकापासून वेगळी काढून ठेवली आहे का. अर्ध्या तासाचे काम आहे. मुलांना शिक्षेची भीती घालून फारसे साधत नाही. पकडले जाण्याची शक्यता किती, याचा हिशेब ती आपल्यापेक्षा चांगला करतात. त्यांना एवढेच दाखवून द्यावे, की पडद्यावर जेथे ‘डाऊनलोड’चा आकडा वाढताना दिसतो, त्याच्याच शेजारी ‘अपलोड’चाही एक आकडा असतो. तो त्यांच्या घरातून, त्यांच्या आजोबांच्या नावाने चाललेला असतो. बहुतेक मुलांनी त्या दुसऱ्या आकड्याकडे कधी पाहिलेलेच नसते.